शरपंजरी पितामह आणि वाट पाहणारा पिता

शास्त्रपाठ : २ शमुवेल अध्याय १३ ते १८, लूक १५:११-३२, रोमकरांस पत्र ६:१-११

प्रस्तावना

२०२० सालच्या मार्च महिन्यात सारा देश घरात कोंडला गेला, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. जयपूर शहरातील झोटवाडा भागात, कारखान्यांच्या वसाहतीपासून जवळच, आमचे बिऱ्हाड आहे. मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे इकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उपासनामंदिराची दारे बंद असल्यामुळे रविवारची प्रार्थना घरीच होत असे आणि उरलेला वेळ सरता सरत नसे. अशा वेळी, २८ मार्चपासून, दूरदर्शनच्या भारती वाहिनीवर बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' ही जुनी मालिका पुन्हा दाखविली जाऊ लागली. मी ती लहानपणी पाहिली होती. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने ती प्रथमच पाहिली.

काही आठवड्यांनी भीष्मांच्या पतनाचा भाग आला. अर्जुनाच्या बाणांनी देह चाळणी झालेले पितामह भूमीवर कोसळले. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "पप्पा, तुम्ही आजोबांबद्दल बोलताना नेहमी 'होते' असंच का म्हणता? ते तर गावी आहेत की!"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे वडील अहमदनगर जिल्ह्यातील (हा आताचा अहिल्यानगर जिल्हा) आमच्या गावी हयात होते. त्यांना पुरून टाकले होते ते माझ्या जिभेने. त्या एका प्रश्नातून प्रस्तुत पाठ निघाला आहे. नाटकात, चित्रपटात, मालिकेत पितृतुल्य पुरुषाचा वध दाखविला जातो, तो आपल्याला एवढा का हलवितो? त्या वधाचा अर्थ काय? आणि देवाचे वचन त्यावर काय सांगते?

कोणी विचारील, ख्रिस्ती मनुष्याने महाभारताचा विचार कशाला करावा? अथेन्स नगरात उपदेश करताना पौलाने तेथील लोकांच्याच कवींचा आधार घेतला (प्रेषितांची कृत्ये १७:२८). फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी ओवी हा या मातीतलाच छंद निवडला. आपल्या शेजाऱ्याचे मन ज्या कथेत घडले, ती कथा आदराने समजून घेणे यात विश्वासाची हानी नाही.

१. पडद्यावरचा पिता कोणाचे चिन्ह असतो?

कथेतील पिता हा केवळ एक मनुष्य नसतो. घराण्याचे नाव, जमीनजुमला, रीतिभाती, 'आमच्या घरात असे चालत नाही' हे वाक्य, या साऱ्यांना मिळून एक चेहरा लागतो आणि तो चेहरा पित्याचा असतो. तो जन्मदाताच असतो असेही नाही. आजोबा, चुलता, गुरू, राजा, मालक यांपैकी कोणीही त्या जागी उभा असतो. म्हणून कथाकार जेव्हा त्याला मारतो, तेव्हा एका माणसाबरोबर एक व्यवस्था कोसळते. प्रेक्षकाला दुःख होते, आणि त्या दुःखाच्या तळाशी कोठे तरी सुटकेचा निःश्वासही असतो. हा निःश्वास आपण सहसा कबूल करीत नाही. पण तो असतो म्हणूनच असे प्रसंग पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा रंगविले जातात.

'महाभारत' मालिकेचे ९४ भाग २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात प्रथम दाखविले गेले, आणि तेही रविवारी सकाळी. उपासनेची वेळ आणि मालिकेची वेळ यांची त्या काळी घरोघर कशी ओढाताण झाली, हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. संवाद राही मासूम रझा यांचे, श्रीकृष्ण नीतीश भारद्वाज, भीष्म मुकेश खन्ना. देशातील कोट्यवधी माणसांच्या मनात 'पितामह' या शब्दाला तेव्हापासून एकच चेहरा मिळाला : पांढरी दाढी, शुभ्र वस्त्रे आणि प्रतिज्ञेने ताठ झालेली मान.

२. भीष्म का पडले?

कथा सर्वांना ठाऊक आहे. पित्याच्या, म्हणजे शंतनूच्या, सुखासाठी देवव्रताने राज्य सोडले आणि आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली. संतुष्ट झालेल्या पित्याने त्याला इच्छामरणाचा वर दिला. म्हणजे या पित्याला कोणी मारू शकत नाही. त्याची स्वतःची संमती असेल तरच तो मरेल. युद्धाच्या नवव्या रात्री पांडव त्यांच्याकडे जातात आणि त्यांनाच विचारतात की, आपणांस कसे जिंकावे? नातवांनी आजोबांना त्यांच्याच मरणाचा मार्ग विचारावा आणि आजोबांनी तो सांगावा, यापेक्षा विलक्षण प्रसंग कथावाङ्मयात क्वचितच सापडेल. दहाव्या दिवशी शिखंडीला पुढे करून अर्जुन बाण सोडतो.

इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली गोष्ट, शिखंडी कोण? पूर्वजन्मीची अंबा. भीष्मांनी आपल्या भावासाठी तिला स्वयंवरातून उचलून आणले आणि तिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. दुसरी गोष्ट, द्यूतसभा. भर सभेत द्रौपदीची विटंबना झाली, तिने न्यायाचा प्रश्न विचारला, आणि सभेतील सर्वांत थोर पुरुषाने 'धर्माची गती सूक्ष्म आहे' अशा आशयाचे उत्तर देऊन तिला वाऱ्यावर सोडले.

तेव्हा भीष्मांचा देह दहाव्या दिवशी पडला, परंतु त्या पतनाला प्रारंभ त्या सभेतच झाला होता. ज्या पित्याला घरातील स्त्रीचा आक्रोश ऐकू आला आणि तरी जो आपल्या आसनावरून उठला नाही, त्याच्यावर तोच आक्रोश बाण होऊन परतला. भीष्म दुष्ट नव्हते. ते वचनाचे पक्के होते. पण नियम पाळता पाळता माणूस हरवू शकतो, आणि असा पिता बाहेरून अभेद्य असला तरी आतून आपल्या मरणाला संमती देऊन बसलेला असतो. पित्याच्या वधाचे हे दृश्य खोलवर जाते, कारण ते केवळ नातवांच्या महत्त्वाकांक्षेचे नाही. दाबून टाकलेला अन्याय त्यात परत आला आहे.

३. दावीद आणि अबशालोम

पवित्र शास्त्रात याच जातीची एक कथा आहे. तिचे मूळही एका स्त्रीच्या आक्रोशात आहे. दाविदाच्या एका पुत्राने, अम्नोनाने, आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, बलात्कार केला. दाविदाच्या कानी ते आले तेव्हा त्याला फार संताप आला, असे शास्त्र सांगते (२ शमुवेल १३:२१). पण त्या संतापापुढे कोणतीही कृती नाही. अम्नोनाला जाब विचारला नाही, तामारेला न्याय दिला नाही. ती आपल्या भावाच्या, अबशालोमाच्या, घरी उदास होऊन राहिली. द्यूतसभेतील मौन आणि यरुशलेमेतील मौन यांत फारसा फरक नाही.

दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाला ठार केले. तीन वर्षे तो परागंदा होता. परत आल्यावरही दोन वर्षे पिता आणि पुत्र एकाच नगरात राहून एकमेकांचे तोंड पाहत नव्हते (१४:२८). वाचकहो, एकाच छताखाली अबोला धरलेली घरे आपल्या ओळखीची नाहीत काय? याच काळात अबशालोमाने आपल्या मुलीचे नाव तामार ठेवले होते. त्याच्या मनातील जखम खरी होती.

पुढे तो वेशीजवळ उभा राहून न्यायासाठी येणाऱ्यांना सांगू लागला की, राजाकडे तुमचे ऐकणारा कोणी नाही (१५:३). हे वाक्य कटाचे होते, तरी त्यात सत्याचा अंश होता. त्याच्या बहिणीचे खरोखरच कोणी ऐकले नव्हते. परंतु पाहता पाहता बहिणीचा न्याय मागे पडला आणि सिंहासन पुढे आले. अहीथोफेलाने मसलत दिली की, एकट्या राजालाच ठार करू, म्हणजे सर्व लोक तुझ्याकडे वळतील. आणि ती अबशालोमाला पसंत पडली (१७:१-४). पित्याच्या मरणाची योजना पुत्राला 'चांगली' वाटली. तामारेचे नाव आता कोणाच्याच तोंडी नव्हते.

खरी तक्रार कोणत्या क्षणी लोभाच्या हातातील शस्त्र बनते, हे या कथेइतके स्पष्ट इतरत्र क्वचितच दिसेल.

४. वधाने मुक्ती मिळते काय?

आम्ही राहतो त्या राजस्थानचा इतिहास या प्रश्नाला उत्तर देतो. मेवाडचा पराक्रमी राणा कुंभा, ज्याचा विजयस्तंभ चितोडगडावर आजही उभा आहे, त्याला १४६८ साली त्याच्या पुत्राने, उदयसिंहाने, ठार केले. सिंहासन त्याला मिळाले ते जेमतेम पाच वर्षे. १४७३ साली त्याच्या भावाने, रायमलाने, त्याला हुसकून लावले. कुंभाचे नाव स्तंभाबरोबर राहिले. पुत्राच्या नावापुढे 'हत्यारा' हा शब्द राहिला.

अलीकडच्या कथांतही हेच दिसते. जगभर पाहिल्या गेलेल्या 'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी मालिकेत २०१४ साली टिरियन हा उपेक्षित पुत्र आपल्या कठोर पित्याला बाण मारतो. प्रेक्षकाला क्षणभर न्याय झाल्यासारखे वाटते. पण पुत्राच्या वाट्याला येते ते पेटाऱ्यात लपून परदेशी पळून जाणे. मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१३ साली असे अनुमान मांडले की, आदिम काळी पुत्रांनी मिळून पित्याला मारले आणि मग अपराधाच्या जाणिवेमुळे मेलेला पिता जिवंत पित्यापेक्षा अधिक बलवान झाला. इतिहास म्हणून हे अनुमान टिकलेले नाही. पण माणसाच्या मनाचे वर्णन म्हणून त्यात तथ्य आहे.

आपल्या घरगुती मालिकांकडेच पाहा. वडील वारले की त्यांची तसबीर दिवाणखान्यात लागते, तिला हार घातला जातो, आणि त्यानंतर घरातील प्रत्येक भांडण त्या तसबिरीपुढे होते. जिवंतपणी ज्यांच्याशी वाद तरी घालता येत असे, ते आता केवळ पाहत राहतात. भीष्मही पडल्यावर लगेच मेले नाहीत. ते उत्तरायणाची वाट पाहत बाणांच्या शय्येवर पडून राहिले, आणि ज्याने बाण मारले त्याच अर्जुनाने त्यांना बाणांची उशी दिली, भूमी भेदून पाणी पाजले. महाभारतकार जणू सांगतो की, पित्याला पाडता येते, पण त्याच्यापासून सुटता येत नाही.

अबशालोमाचे डोके झाडात अडकले आणि यवाबाने त्याला भोसकले. वार्ता आली तेव्हा विजयी राजा वेशीवरच्या माडीत जाऊन रडू लागला, आणि मुलाच्या जागी आपण मेलो असतो तर बरे झाले असते, असा त्याने आकांत केला (१८:३३). दाविदाचे मौन अखेर फुटले. पण ऐकणारा उरला नव्हता.

५. जे दाविदाला करता आले नाही

आता लूक १५ कडे वळू. धाकटा पुत्र म्हणतो, मालमत्तेचा माझा वाटा मला द्या. वाटणी साधारणपणे बापाच्या पश्चात होते. ती त्याच्या डोळ्यांदेखत मागणे म्हणजे 'तुम्ही माझ्या लेखी मेलात' असे सांगणे. इथे तलवार नाही, बाण नाही. तरी हा पित्याचा वधच आहे, फक्त कागदावर केलेला. आणि या दाखल्यातील पिता काय करतो? तो संतापून मुलाला ठार करीत नाही, भीष्मांसारखा प्रतिज्ञेत गोठत नाही, दाविदासारखा माडीत जाऊन उशिरा रडत नाही. तो वाटा देतो आणि जिवंत राहतो. मुलगा दूर असतानाच त्याला पाहून तो धावत जातो. थोरला रुसून बाहेर उभा राहतो तेव्हा त्याच्याकडेही स्वतः बाहेर येतो. आपल्या मानापेक्षा मुलाला मोठा मानणारा हा पिता आहे.

दाविदाने वेशीवर जी इच्छा केली, ती त्याला पूर्ण करता आली नाही. पुत्राच्या जागी मरणे त्याच्या हाती नव्हते. परंतु दाविदाच्याच वंशात जन्मलेल्या येशू ख्रिस्ताने, बंडखोर लेकरांच्या जागी, कालवरीवर आपला प्राण दिला. पिता आणि पुत्र यांच्यामधील वैर आजवर कोणाच्या तरी वधानेच संपत आले. तिथे मात्र ज्याच्या हाती सर्व अधिकार होता त्याने दुसऱ्याचा जीव घेतला नाही, स्वतःचा दिला. सुवार्तेचे सार यातच आहे.

मग मारायचे काहीच नाही काय? आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल सांगतो की, आपल्यातला जुना मनुष्य ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेला आहे. जुनी व्यवस्था मोडायला हवी हे खरे. पण ती बापाच्या देहात नसून आपल्या स्वतःच्या हृदयात आहे. बापाला मारणारा पुत्र बहुधा बापासारखाच होतो. जुना मनुष्य मेला तरच ही साखळी तुटते.

६. आपल्या घरांसाठी

वडीलधाऱ्यांनी या पाठातून प्रथम आपले मौन तपासावे. घरातील सुनेला, मुलीला, धाकट्याला अन्याय होताना आपण 'घराची अब्रू' म्हणून गप्प बसलो असू, तर ते मौन आदर मिळवून देत नाही. ते बाण घडविते. मुलांना चिरडीस आणू नका ही आज्ञा पित्यांनाच दिलेली आहे (इफिसकरांस पत्र ६:४).

तरुणांनी आपली तक्रार तपासावी. ती खरी असेल. पण तामारेसाठी सुरू झालेली लढाई सिंहासनासाठी तर चाललेली नाही ना? आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे : जिथे बाप मारझोड करतो किंवा अत्याचार करतो, तिथे आईबापांचा मान राखण्याची आज्ञा सोसत राहायला सांगत नाही. तेथून सुरक्षित जागी जाणे, मंडळीची आणि कायद्याची मदत घेणे, हा वध नव्हे. सूड न घेणे ही क्षमा आहे. जखम लपविणे ही क्षमा नव्हे.

समारोप

माझ्या थोरल्या बहिणीचा सासरी छळ होत होता. ती दोनदा माहेरी आली आणि बाबांनी दोनदा तिला परत पोहोचविले. ते शिक्षक होते, मंडळीत मान होता. लोक काय म्हणतील ही चिंता त्यांना मोठी वाटली. मी त्यांच्याशी भांडलो. भांडण बहिणीचे होते, पण शेवटी मी मागितला तो जमिनीचा माझा वाटा. तो घेऊन २००४ साली मी जयपूरला आलो. बहीण पुढे स्वतःच्या बळावर वेगळी झाली, नोकरी करून मुलांना वाढविले. तिच्यासाठी मीही फारसे काही केले नव्हते. बाबांशी मात्र सणासुदीच्या दोन वाक्यांपलीकडे मी बोललो नाही, आणि माझ्या बोलण्यात ते 'होते' झाले.

मुलाने प्रश्न विचारला त्या रात्री मी गावी फोन लावला. काय बोलावे हे सुचेना. म्हणालो, "बाबा, मी वाटा मागायला नको होता." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "वाट्याचं काय घेऊन बसलास. पोरीच्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं." मी म्हणालो, "हे तिला सांगा." दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला सांगितले. तिने लगेच क्षमा केली असे नाही. पण पुढच्या नाताळात ती त्यांच्याकडे गेली.

२०२२ साली बाबा प्रभूकडे गेले. आता त्यांच्याविषयी बोलताना 'होते' असेच म्हणावे लागते. व्याकरण तेच आहे. पण आता तो शब्द उच्चारताना मी कोणाला मारीत नाही.

मननासाठी प्रश्न

१. द्यूतसभेतील भीष्म आणि तामारेच्या प्रसंगातील दावीद यांच्या मौनात कोणते साम्य आहे? आपल्या घरात वा मंडळीत असे मौन कोठे आहे?

२. अबशालोमाची न्याय्य तक्रार कोणत्या टप्प्यावर बंडात बदलली? अध्याय १३ ते १५ वाचून चर्चा करा.

३. लूक १५ मधील पिता दोन्ही पुत्रांकडे स्वतः बाहेर जातो. हे वडीलधाऱ्यांना काय शिकविते?

४. जिवंत असूनही आपण कोणाविषयी 'होते' असे बोलतो काय? या आठवड्यात त्यांच्यासाठी प्रार्थना करा, आणि शक्य व सुरक्षित असेल तर त्यांच्याशी बोला.